तीन पथ्यांचं ताट

आमच्या आसगावात कोणी आजारी पडला की लोक आधी विचारतात, काय खाल्लं होतं? दुखते कुठे, हा प्रश्न नंतर येतो. धानाच्या गावात हे साहजिक आहे. वर्षभर राबून जे पिकते ते पोटात जाते, तेव्हा जे बिघडते तेही पोटातूनच बिघडत असणार, असे सगळे धरून चालतात. मीही धरून चाललो. कॉलेज शिकून आलो तरी तेच धरून चाललो.

हे लिहितो आहे ते कोणाला शहाणपण शिकवण्यासाठी नाही. माझा स्वतःचा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. पण आमच्या भागात अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे एखादे मूल सारखे दुखण्यात असते, त्याचे डोळे पिवळट दिसतात आणि घरातली बाई चुलीपुढे बसून आज याला काय देऊ या विचारात असते. त्या घरांसाठी लिहितो.

दुखणे

मला लहानपणापासून हातापायांत कळा येत. थंडीत जास्त. कधी मनगट सुजे, कधी गुडघा. ताप येई, डोळे पिवळे होत, मग आपोआप उतरेही. बाबा मला खांद्यावर टाकून अंगणात फिरवत आणि माय तव्यावर कापड तापवून शेकत असे. दुखणे गेले की मी शाळेत पळे. घरात माझ्याआधी कोणी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. बाबा आणि माय दोघेही दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी-कापणीला जात. त्यामुळे मी शिकतो आहे ही गोष्ट घरात इतकी मोठी होती की माझे दुखणे तिच्यापुढे लहान वाटायचे. मलाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मात्र ते लहान राहिले नाही. पवनीला कॉलेजात जायला सकाळी निघावे तर पायऱ्या चढताना धाप लागे. पाठीत असा ठणका उठे की बाकावर डोके टेकून बसावे लागे. तरी पास झालो, आणि शेजारच्या गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. बाबांनी गावात पेढे वाटले. त्याच आठवड्यात मी पुन्हा अंथरुणाला लागलो.

पेढे खायला आलेली माझी फुलाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझ्या खाटेजवळ बसली. तिने माझ्या डोळ्यांत पाहिले आणि मायला विचारले, ‘‘डोरे पिवरे झाले वो याचे. लहानपनी काय खाऊ घातलं होतं तू याले?’’

‘‘जे होतं तेच,’’ माय म्हणाली.

‘‘पेज पाजत होती तू. मी पायलं हाय ना माह्या डोऱ्यानं. पेजेवर वाढलेलं पोट्टं, रगत कुठून येईन?’’

माय चुलीवरचे भांडे उतरवायला उठली. बाबांनी पेढ्यांचा डबा आत नेऊन ठेवला. आजार माझा होता, पण त्या दिवसापासून खटला मायवर चालू झाला.

तीन उपकारकर्ते

आमच्यासारख्या घरातून पहिल्यांदा शिकून निघालेल्या माणसाची एक अडचण असते. ती मी कुठे लिहिलेली वाचली नाही, म्हणून इथे सांगतो. त्याच्यावर फार जणांचे उपकार असतात. कोणी पुस्तक दिलेले असते, कोणी शब्द टाकलेला असतो, कोणी नुसते ‘शिक’ म्हटलेले असते. अशा माणसाला कोणाचे सांगणे मोडता येत नाही.

पहिले वैद्यबुवा. ते बाबांना ओळखत. त्यांनी माझे डोळे पाहून कावीळ सांगितली आणि मंतरलेल्या काड्यांची माळ डोक्यावर ठेवली. ही माळ कावीळ उतरेल तशी लांब होत जाते आणि गळ्यातून खाली येते. माळ खरोखरच लांब झाली. पथ्य सांगितले ते असे: हळद नाही, तेल नाही, मासमच्छी नाही, अंडे नाही. मोबदला म्हणून त्यांनी फक्त एक नारळ घेतला.

दुसरे तालुक्याचे डॉक्टर. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, ‘‘मास्तर, अंगात रक्तच नाही तुमच्या.’’ कलेजी खा, अंडी खा, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे खा, असे सांगून त्यांनी एक लाल टॉनिक दिले. मी कोणत्या घरातून शिकलो हे कळल्यावर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हातामुळे मी वर्षानुवर्षे ते टॉनिक प्यालो. गंजलेला खिळा चाटावा तशी त्याची चव होती. दात काळे पडले आणि पोट धरून बसायची पाळी आली, तरी बाटली संपली की नवी आणत होतो.

तिसरे आमचे निवृत्त हेडमास्तर. यांच्याबद्दल मी काय लिहू? त्यांनी माझा कॉलेजचा अर्ज स्वतः भरला होता. स्वतःचा कोट दिला होता. त्यांना स्वतःला गुडघ्यांचा त्रास होता आणि आहार बदलून तो गेला होता. म्हणून ते माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहून म्हणाले, ‘‘हा वात आहे. भात बंद कर. वरण, दही, चिंच, सगळं बंद. आणि पाणी बेताने पी. सूज म्हणजे अंगात पाणी साचलेलं असतं.’’

भात बंद! आमच्याकडे भाताशिवाय जेवण म्हणजे लग्नाशिवाय वरात. ज्वारी दुसरीकडून आणावी लागे. पण सर म्हणाले म्हटल्यावर प्रश्नच नव्हता.

मी शिकलेला होतो. तिघांपैकी एकाचे तरी चुकत असले पाहिजे, हे मला कळायला हवे होते. कळतही होते थोडेसे. पण कोणाचे चुकते आहे हे ठरवणारा मी कोण? शिवाय मायचे म्हणणे असे की तिघेही आपल्या भल्याचेच सांगतात, तर तिघांचेही ऐकावे. एकाने नाही तर दुसऱ्याने गुण येईल.

मग माझे ताट कसे होते ते सांगतो. ज्वारीची कोरडी भाकर. तिच्याबरोबर बिनतेलाची, बिनहळदीची, पाण्यात उकडलेली कलेजी. राखाडी रंगाची. वैद्यबुवांनी मांस वर्ज्य केले होते, म्हणून माय ती वाढताना दार लोटून घेई, जणू वैद्यबुवा पलीकडच्या गावातून पाहत आहेत. शेजारी वाटीत पालेभाजी, तीही नुसती उकडलेली. आणि पाण्याचा लहान पेला, तोही जेवण झाल्यावर. माझ्या ताटासमोर बाबा भात आणि तळ्यातल्या मासोळीचा रस्सा जेवत आणि माझ्याकडे पाहायचे टाळत.

‘‘खाय रे बाप्पा,’’ माय म्हणे. ‘‘अवशिद समजून खाय.’’

मी खाई आणि वाळत जाई. मी जितका वाळे तितकी ती पथ्य कडक करी. तिला वाटे, तिच्याच हातून कुठेतरी चूक होते आहे. कधी चिमूटभर हळद चुकून पडली असेल. लोकांनी विचारलेला प्रश्न आता ती स्वतःच स्वतःला विचारू लागली होती.

वॉर्ड

शाळेच्या खेळांचे दिवस होते. थंडी चांगली पडली होती. मी सकाळपासून मैदानावर पोरांमागे धावत होतो आणि सरांचे सांगणे पाळून पाणी जवळजवळ प्यालोच नव्हतो. दुपारी छातीत आणि पाठीत अशी कळ उठली की मी चुन्याच्या रेघेवरच बसलो. मला वाटले, आपण चाललो. पोरे हसली. त्यांना वाटले, सर खेळात बाद झाले.

बैलगाडी, मग बस, मग नागपूर. मोठ्या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात मला सलाइन लावले. आल्या आल्या छातीवर थंड नळी ठेवून तपासणारी डॉक्टर तरुण मुलगी होती. माझ्याच वयाची असेल. पुढे तीच रोज येई.

वॉर्डाचा दिवस लवकर सुरू होई. झाडू, थर्मामीटर, दूधवाला, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरीच्या वेळी सगळे पेशंट नीट सरळ झोपत, शाळेत तपासणीस आल्यासारखे. शेजारच्या खाटेवर नाकाडोंगरीकडचे धुर्वेकाका होते, दम्याचे. बोलायला दम पुरत नसे, तरी बोलल्याशिवाय राहत नसत.

दुपारी वॉर्डाचे जेवण आले. भात, वरण, बटाट्याची भाजी. मी ताट बाजूला सारले.

‘‘सर, खाऊन काहून नाही राहिले?’’ धुर्वेकाकांनी विचारले.

‘‘पथ्य आहे.’’

‘‘कायचं?’’

मी सांगितले. भात नाही, वरण नाही, हळद नाही, तेल नाही. ते ऐकत राहिले.

‘‘आन पानी?’’

‘‘तेही बेताने.’’

‘‘मंग मी म्हनतो सर, हवा बी कमी घेत जा,’’ ते म्हणाले, आणि हसता हसता त्यांना एवढा खोकला आला की नर्स धावत आली. ती मलाच रागावली.

डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारले, दिवसभरात पाणी किती पिता? मी शहाण्या मुलासारखे सांगितले की फार कमी, अगदी बेताने. शाबासकी मिळेल असे वाटले होते. त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

‘‘कोणी सांगितलं?’’

मला सरांचे नाव घेता येईना. मी म्हणालो, ‘‘मीच.’’

निदानाचा दिवस

रक्त तपासून आले त्या दिवशी माय आणि बाबा दोघेही खाटेजवळ होते. डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढून घेतले. उभ्याने सांगितले नाही, ही त्यांची दया मी विसरलेलो नाही.

त्यांनी सांगितले ते साधे होते. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. माझ्या पेशी वाकतात, विळ्यासारख्या होतात, लवकर मोडतात. मोडतात म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. अडकतात म्हणून कळा. थंडी लागली, ताप आला, अंगातले पाणी कमी झाले की जास्त वाकतात. ‘‘कावीळ वेगळी, रक्त कमी वेगळं आणि वात वेगळा, असं नव्हतं हे. एकच आजार आहे. सिकल सेल म्हणतात.’’

‘‘खाण्यानं झाला?’’ मी विचारले.

‘‘नाही. जन्मापासून आहे.’’

‘‘मग खाण्याने जाईल?’’

‘‘नाही. जाणार नाही. सांभाळावा लागेल.’’ लोखंडाचे टॉनिक बंद करा, तुमच्या रक्तात लोहाची कमी नाही, असे त्या म्हणाल्या. पथ्ये सगळी बंद. घरचे सगळे खा. पाणी भरपूर. आणि फॉलिक ॲसिडची एक लहानशी पिवळी गोळी रोज.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी पार गोंधळून गेलो. खाण्याने झाले असते तर खाण्याने गेले असते. इतकी वर्षे मी त्या राखाडी कलेजीच्या मागे एक आशा गिळत होतो. आज नाही तर उद्या नेमका पदार्थ सापडेल, आणि मी बरा होईन. आता कोणी म्हणते आहे की असा पदार्थच नाही. भूक तर होतीच, पण त्या दिवशी समोर आलेला भात मला खाता येईना. हे पथ्य मोडणे आहे की औषध घेणे, तेच कळेना.

मायचे मात्र वेगळेच चालले होते. तिने एकच शब्द धरला होता.

‘‘इळा म्हनलं ना तुमी बाई?’’

‘‘विळ्यासारखा आकार.’’

‘‘हा पोटात होता तवा मी धान कापत होती. दिवस भरत आले तरी कापत होती. सासू म्हने, गिरान हाय, हातात इळा धरू नोको. मी धरला. मजुरी बुडली असती.’’

ग्रहणात गरोदर बाईने काही कापू नये, असे आमच्याकडे अजून मानतात. आमच्या घरी बौद्ध धम्म आला तेव्हा या गोष्टी सोडल्या असे आम्ही समजत होतो. मायने त्या सोडल्या नव्हत्या. मनाच्या तळाशी ठेवून दिल्या होत्या. पेजेच्या आरोपातून डॉक्टरीणबाईंनी तिला सोडवले, आणि त्याच क्षणी तिने स्वतःवर दुसरा आरोप ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. ‘‘आई, तुमच्या हातून काही चुकलं नाही. हे विळ्याने नाही झालं, पेजेने नाही झालं. हे आईवडिलांकडून रक्तातून येतं. अर्धं आईकडून, अर्धं वडिलांकडून. तुम्हा दोघांना काही त्रास नाही, पण दोघांकडे थोडं थोडं आहे. ते दोन्ही याच्याकडे आलं.’’

मायने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते की तिने ऐकले नाही.

बाबा मात्र इतका वेळ खिडकीजवळ उभे होते, ते पुढे आले. ‘‘म्हंजे बाई, माह्याकडून बी?’’

‘‘हो. अर्धं.’’

बाबा मग खाटेच्या कडेवर मायशेजारी बसले. लोकांसमोर ते तिच्याशेजारी असे कधी बसत नसत.

घरी

दवाखान्यातून सुटी होऊन घरी आलो तर फुलाआत्या हजर. तिने नागपूरच्या डॉक्टरांनी काय सांगितले ते विचारले. रक्तातून आले आहे एवढेच तिने ऐकले आणि मायकडे वळली. ‘‘पाय, मी म्हनत होती ना. तुह्याकडलंच निंघालं.’’

‘‘अर्धं माहं हाय वो,’’ बाबा म्हणाले. ‘‘अर्धंच तिले बोल. बाकीचं मले बोल.’’

फुलाआत्याचे तोंड उघडे राहिले.  मग ती म्हणाली, ‘‘तुले काय बोलू बाप्पा, तू तं माहा भाऊ.’’ आणि स्वतःच हसली. त्यानंतर ती मायला त्या विषयावर काही बोलली नाही.

हेडमास्तर सरांकडे जायला मला धीर होईना. शेवटी गेलो. सगळे सांगितले, पाण्याचे सोडून. पण ते शिक्षक होते. त्यांनी स्वतःच विचारले, ‘‘आणि पाणी?’’

‘‘भरपूर प्यायचं म्हणतात, सर.’’

ते आपल्या गुडघ्यावर हात फिरवू लागले. ‘‘म्हणजे मी तुला उलटंच सांगितलं.’’

‘‘तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं, सर.’’

‘‘चांगल्यासाठी तर सगळेच सांगतात रे,’’ ते म्हणाले. त्यांनी आत हाक मारली आणि माझ्यासाठी पाणी मागवले. मी त्यांच्यासमोर तांब्या रिकामा केला. दोघांनाही अवघडल्यासारखे झाले होते.

पुढे सगळे सुरळीत झाले, असे लिहायला मला आवडले असते. पण हे वाचणाऱ्याला खोटी आशा देण्यात अर्थ नाही. कळा अजून येतात. पूर्वीपेक्षा कमी येतात, आणि आल्या तर पाणी, ऊब, गोळी आणि वेळेवर दवाखाना, हे आम्हाला आता माहीत आहे. शाळा चालू आहे. लोक विचारतात, मास्तर, टॉनिक का सोडलं, तब्येत उतरली तुमची. कोणी अमुक पावडर आणून देते, कोणी तमुक पाला. एवढ्याशा पिवळ्या गोळीवर कोणाचा विश्वास बसत नाही. कधी कधी माझाही बसत नाही. दुखणे उठले की मन मागे जाते, काल काय खाल्लं होतं? ही सवय फार जुनी आहे. कोणाला नाही म्हणायची सवय अजून पुरती लागलेली नाही. आता मी पाला घेतो, आभार मानतो आणि बाजूला ठेवतो.

चांगले जेवण नको, असे मी म्हणत नाही. उलट, भात-वरण, भाजी, मासोळी, सगळे खायला लागलो तेव्हा अंगात उभे राहण्याइतके बळ आले. अन्नाने बळ येते. पण अन्नावर गुन्हा घालता येत नाही आणि अन्नाकडून सुटकाही मागता येत नाही, एवढे मला समजले आहे.

मायला ते समजले की नाही, मला कळत नव्हते. ती आता सगळ्यांना वाढते तेच मला वाढते. पण मी दुखण्यात असलो की चुलीपुढे तशीच नुसती बसून राहते. मी एकदा डॉक्टरीणबाईंचे बोलणे तिला पुन्हा सांगू लागलो, तर म्हणाली, ‘‘तू शिकलेला हायेस, तुले कळते,’’ आणि उठून गेली.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावची एक लेक माहेरी आली होती. तिला दूर बपेऱ्याला दिले आहे. तिचे मूल कडेवर होते, हाताची बोटे सुजलेली. मुलाला घेऊन ती आमच्याकडे आली, कारण तिला कोणी सांगितले होते की मास्तरलाही असेच होते. पिशवीत तिने दोन टॉनिकच्या बाटल्या आणि कसलासा पाला आणला होता. माझ्याशी बोलायला ती लाजत होती, म्हणून मायशी बोलू लागली.

‘‘काकू, हा पोटात होता तवा मी उपाशी राहून राहून दिवस काढले. म्हनूनच झालं याले. घरचे बी तेच म्हनतात. आता काय देऊ याले, सांगा ना.’’

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मायने मूल स्वतःच्या मांडीवर घेतले. त्याचे बोट आपल्या मुठीत धरले.

‘‘पहिले नागपूरले नेऊन याचं रगत तपासून घे,’’ ती म्हणाली. ‘‘पानी पाज. ऊब दे. बाकी जे घरात शिजते ते दे. आन हे पाय, तुह्या हातून काही चुकलं नाई.’’

पोरगी रडायला लागली. ‘‘नाई काकू, चुकलंच असन. माय मी याची.’’

‘‘नाई म्हनते ना,’’ माय म्हणाली. ‘‘मले बी एका डागदरीनबाईनं असंच सांगतलं होतं, हात धरून. मी आयकलं नाई. तू आयक.’’